पेटीच्या हातानं कीथ जॅरेट वाजवायचा असेल तर

राजारामपुरीतल्या माझ्या कीबोर्ड क्लासला येणारी पोरं एकतर पेटी वाजवून आलेली असतात, नाहीतर ऑर्केस्ट्रात. दोघांचाही हात भरणा करणारा. गवयानं श्वास घेतला की पेटीनं जागा भरायची, हे कोल्हापूरच्या देवल क्लबात मैफली ऐकत वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट वाजवताना नेमकी तीच सवय आडवी येते.

आधी त्याचा 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू' हा अल्बम ऐका. १९७५ साली जर्मनीतल्या कोलोनमध्ये तासाभराहून जास्त वेळ मनाला येईल ते वाजवणारा जॅरेट तो हाच. पुढं दीर्घ थकव्याच्या आजारानं त्याचे कार्यक्रम थांबले. बरा होत असताना, १९९८ मध्ये, त्यानं घरच्या स्टुडिओत एकट्यानं जुनी गाणी वाजवून ठेवली. अल्बम १९९९ चा. चाल आणि तिच्याखाली लागतील तेवढेच सूर. क्लासात लावला तेव्हा मागून एकजण म्हणाला, "सर, अडकलं काय?"

आता वाजवू. कीबोर्डवर स्टाइल-बीट (आपोआप वाजणारा ताल) बंद, पियानोचा आवाज, टच (बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा होणं) चालू. सस्टेन पेडल, म्हणजे पायानं दाबून सूर लांबवायचं पेडल, घ्याच. भाता हलतोय तोवर पेटीचा सूर टिकतो. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो. तो विरताना ऐकायचा आणि मगच पुढचा सूर लावायचा. खरा रियाज एवढाच, बाकी बोटांचं काम.

शुद्ध स्वरांतलं, तोंडपाठ असलेलं एखादं भावगीत घ्या. पांढरी एक सा. उजव्या हातात नुसती चाल, तीही आधी गाऊन. ओळ संपत येते तिथं डाव्या हातात दोनच सूर: मंद्र म आणि मध्य सा. मग म तसाच ठेवून सा चा मंद्र नि करा. मग नि धरून म चा ग. म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) झाले, आणि दर वेळी एकच बोट हललं. याच्या खाली उतरू नका, आवाज गढूळ होतो. ओळ सा वर थांबत असेल तर खालचा नि त्याच्याशी घासतो. तिथं नि सोडून मंद्र प घ्या.

पेडल सुरासोबत दाबायचं नाही. नवे सूर वाजताना पाय उचलायचा आणि लगेच परत दाबायचा. नाहीतर मागचा म पुढच्या ग वर सांडतो.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ओळींच्या मध्ये बोटानं उगाच काही पेरलेलं सापडेलच. ते काढा आणि परत वाजवा. ऑर्केस्ट्रावाल्यांना याला जास्त वेळ लागतो.

अल्बममधलं पहिलं उचलायचं ते 'शेनान्डोआ', अमेरिकन लोकगीत आहे, चाल सरळ. त्यातलंच 'आय लव्ह्ज यू, पोर्गी' मागाहून.