नजर कुठे वळते? या अभ्यासात येऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या मुलांसाठी

बीएस्सीची मुलं हमखास विचारतात, "सर, मेंदूच्या अभ्यासाला मेडिकलच लागतं का?" नाही लागत. मी फिजिक्समधूनच इकडे आलो. इथे सिग्नल मोजायचे असतात, कोड लिहायचा असतो. मेंदूची रचना नंतर शिकता येते, गणित मात्र मागाहून जड जातं.

पुस्तक उघडण्याआधी आरशात स्वतःच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर न्या. डोळे हललेले दिसणारच नाहीत. मग तेच मोबाइलवर रेकॉर्ड करा, उडी स्वच्छ दिसेल. हिला सॅकेड म्हणतात. सेकंदाला साधारण तीन उड्या, कारण दृष्टिपटलाचा मधला इवलासा भागच बारकावे टिपतो.

पुढची उडी कुठे, हा खरा प्रश्न. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याचे दिवे नजर ओढतात, पण गर्दीत चुकलेला भाचा शोधताना त्याच्या शर्टाच्या रंगाचंच सगळं दिसायला लागतं. यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने रेपिन या चित्रकाराचं एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. माणसांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर, ऐपत विचारली की कपड्या-सामानावर. नवखी मुलं मात्र चमक-रंगावरून नजर कुठे जाईल ते ओळखणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलांतच रमतात. कोड आयता मिळतो ना!

मला स्वतःला ब्रेकचा भाग जास्त आवडतो. डोळ्यांना उडी मारायला लावणाऱ्या सुपीरियर कॉलिक्युलस या मेंदूच्या भागाला बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूत खोलवर असलेले पेशींचे गट, सतत दाबून धरतात, दाब सुटला की उडी. हिकोसाका आणि वुर्ट्झ या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून हे मांडलं.

म्हणून पहिला प्रकल्प हाच ब्रेक तपासणाऱ्या अँटीसॅकेडचा करा: ठिपका डावीकडे उमटला की उजवीकडे बघायचं. धडधाकट माणसंही चुकतात. स्क्रीनवर ठिपके दाखवायला 'सायकोपाय' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नजर टिपणारं यंत्र, आय-ट्रॅकर, महाग, त्याच्यासाठी अडून बसू नका. मोबाइलच्या सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर ३३ मिलिसेकंदांना एक चित्र मिळतं. दिशा कळते. उडी सुरू व्हायला लागणाऱ्या सुमारे २०० मिलिसेकंदांचा नेमका हिशोब मात्र त्यातून मागू नका.

पुढे बंगळुरूची आयआयएस्सी, अलाहाबाद विद्यापीठाचं संज्ञान केंद्र, आयआयटी गांधीनगर हे रस्ते आहेत. प्राध्यापकांना मेल टाकताना मार्कांआधी हा डेटा जोडा. मित्रांचे व्हिडिओ घेताना लेखी संमती घ्या, आणि चष्मेवाल्यांना खिडकीसमोर बसवू नका. काच चमकली की बुबुळच दिसत नाही.