खडा पडला? आता इंचटेप काढा

सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहून मला सव्वीस वर्षं झाली. त्यातल्या शेवटच्या पाच वर्षांत दोनदा मुतखडा झाला. पहिल्या वेळी पहाटे चारला कमरेत डावीकडून कळ निघाली ती थेट जांघेपर्यंत. अक्षरशः फरशीवर लोळलो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. खड्याचं काय केलंत विचारलं तर तिथले लोक म्हणाले, "फेकला." मग शेजारीपाजारी सांगतील तसा टोमॅटो सोडला, वांगं सोडलं, बियांच्या भीतीने पेरूसुद्धा सोडला. सकाळची मिसळ आणि दुपारचं कोल्ड्रिंक मात्र चालूच. तीन वर्षांत दुसरा खडा हजर.

म्हणून पहिलं काम म्हणजे खडा पकडा. चहाची जुनी गाळणी घ्या आणि प्रत्येक वेळची लघवी तिच्यातून जाऊ द्या. आमच्या हिने गाळणीला लाल नेलपॉलिशची खूण केली होती, चुकून कुणी चहा गाळायला नको. चौथ्या दिवशी सापडला, मोहरीपेक्षा जरा मोठा, विटेच्या रंगाचा. धुऊन, वाळवून डबीत घाला आणि लॅबमध्ये द्या, 'स्टोन ॲनालिसिस करायचंय' एवढं सांगितलं की कळतं. बहुतेकांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघतो (ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांत असणारं एक द्रव्य). माझा युरिक ॲसिडचा निघाला. हा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निवांत राहू नका. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो.

रिपोर्ट पाहून नवीन डॉक्टरांनी विचारलं, "पँटचा नंबर किती?" मला वाटलं थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. पोट सुटलं की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. त्याचा फटका किडनीलाही बसतो. ती अमोनिया कमी बनवते आणि लघवीतलं आम्ल मारलं जात नाही. लघवीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साडेपाचच्या खाली राहिला की युरिक ॲसिड विरघळत नाही. गार चहात साखर टाकून बघा, तळाला बसते, तसंच हे. गंमत म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड माझं नॉर्मल होतं! कॅल्शियमचे खडेही जाड्या आणि शुगरवाल्या माणसांत जास्त आढळतात, तेव्हा 'माझा तर दुसराच खडा' म्हणून सुटका नाही.

आता इंचटेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून मोजा, पोट आत ओढू नका (मी ओढलं होतं). आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही हद्द. माझं 101. त्याच आठवड्यात उपाशीपोटी शुगर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि बीपी तपासून घ्या. एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझा 6.2 आला.

डॉक्टर चोवीस तासांची लघवीही तपासायला सांगतील. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. कंपनीत कॅन घेऊन जायची लाज वाटते म्हणून मी रविवार निवडला.

पाणी किती प्यायचं याच्यापेक्षा लघवी किती होते ते बघा. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. एप्रिलमध्ये शेडमध्ये घामच इतका जातो की चार लिटर पाणीही कमी पडतं. रात्री झोपताना एक ग्लास घ्याच. हृदयाचा किंवा किडनी निकामी होण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खाण्यात टोमॅटो निर्दोष, त्यात ऑक्झलेट फार नसतं. दूध-दही बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. पालक खायचाच तर दह्याबरोबर. खरा आरोपी मीठ, त्याने लघवीत कॅल्शियम वाढतं. मिसळीचा रस्सा, फरसाण, पापड, वर लोणचं, हिशोब तुम्हीच करा. मी आता महिन्यातून एकदा खातो, पापडाशिवाय. मटण आणि कोल्ड्रिंक युरिक ॲसिड वाढवतात. लिंबूपाणी चांगलं, पण साखर-मीठ न घालता. द्राक्षांच्या सीझनमध्ये पिंपळगावचे पाहुणे पेटी देतात तेव्हा मी वाटीभर घेतो आणि बाकीची गल्लीत वाटतो. झटपट बारीक व्हायला नुसतं मांस-अंड्यांवर राहू नका, लघवी आणखी आंबट होते.

मेडिकलमध्ये लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. नारिंगी राहिली तर आम्ल, हिरवटाकडे गेली तर बरं. डॉक्टरांनी मला पोटॅशियम सायट्रेट दिलं, सहा ते साडेसहा पीएच ठेवायला. युरिक ॲसिडचा खडा त्याने विरघळूही शकतो. पण स्वतःच्या मनाने घेऊ नका. काही बीपीच्या गोळ्यांबरोबर रक्तात पोटॅशियम चढतं, आणि पीएच सातच्या वर गेला तर दुसऱ्याच जातीचा खडा धरतो. पानफुटीची पानं नि कुळथाचं कढण मीही घेतलं. कढण चवीला छान, बाकी मी दावा करणार नाही.

कळ येऊन थंडी-ताप भरला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर पट्ट्या-गाळणी सोडून तडक दवाखाना गाठा.

मी रोज सुटीनंतर पाऊण तास चालतो, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. गेल्या महिन्याची सोनोग्राफी स्वच्छ आली. कंबर 94. पट्ट्याला मी स्वतःच कंपनीतल्या ड्रिलवर दोन नवी भोकं पाडलीत.