स्टेशनवरची माणसं कशी मोजायची: पुणे–लोणावळा लोकल आणि मेट्रोसाठी

"घोरावाडीला असतंच कोण?" किंवा "कान्ह्याला कोण उतरतं?" असं या मार्गावरच्या लहान स्टेशनांबद्दल पुण्यात सहज बोललं जातं. मी तळेगावहून पासावर प्रवास करते आणि बारावीला संख्याशास्त्र शिकवते, म्हणून मला हा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर मोजून काढता येतं, आणि त्यासाठी वही, पेन, घड्याळ आणि दोन-तीन विश्वासू माणसं पुरतात. फलाटावर शेड, दुसरा जिना किंवा लोकलच्या वेळेला जोडून पीएमपीची बस मागायची असेल, तर अर्जात आकडा हवा. तो कसा मोजला हेही दोन ओळींत सांगता आलं पाहिजे.

सुरुवात आकडा कशाचा हे ठरवण्यापासून. सकाळी चिंचवडहून शिवाजीनगरला जाऊन संध्याकाळी परतणारी एकच बाई चिंचवडच्या जिन्यावर दोनदा दिसते. रेल्वे स्टेशनच्या हिशोबात तिथून प्रवास सुरू करणारे धरते, आणि तुम्ही जिन्यावर उभं राहून येणारे-जाणारे सगळे मोजलेत तर तुमचा आकडा साधारण दुप्पट भरेल. म्हणून चढणारे आणि उतरणारे हे दोन रकाने पहिल्यापासून वेगळे ठेवा. बेरीज नंतर कधीही करता येते, एकदा मिसळलेला आकडा वेगळा करता येत नाही.

मग तिकीटविक्रीचे आकडे का घेऊ नयेत? घ्यावेत, पण ते काय सांगतात ते ओळखून. महिन्याचा पास रेल्वेच्या आकडेवारीत ५० फेऱ्यांचा धरतात, म्हणजे २५ दिवस जाऊन-येऊन. पासधारक प्रत्यक्षात किती दिवस गेला याचा त्यात पत्ता नसतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे ती विक्रीत येत नाहीत. आणि बेगडेवाडीचा माणूस पुण्याच्या खिडकीवर परतीचं तिकीट किंवा पास काढतो तेव्हा विक्री पुण्याच्या खात्यात जाते. लहान स्टेशनं प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा कागदावर अधिक रिकामी दिसतात, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. याचा परिणाम साध्या सोयींवर होतो. २०१७ पासून रेल्वे स्टेशनांची प्रतवारी वर्षाचे प्रवासी आणि उत्पन्न यांवरून करते. उपनगरी नसलेल्या स्टेशनांच्या सगळ्यात वरच्या गटासाठी वर्षाला २ कोटींहून जास्त प्रवासी किंवा ५०० कोटी रुपयांहून जास्त उत्पन्न लागतं, आणि सगळ्यात खालचा गट १० लाख प्रवाशांपर्यंतचा असतो. कोणत्या स्टेशनवर किमान काय असावं, हे या गटावरून ठरतं.

आता दिवस. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तेव्हा पिंपरी, कासारवाडी, आकुर्डी मोजायला गुरुवार नको. मळवलीचं उलट आहे. तिथे पावसाळी रविवारी लोहगड आणि भाजे लेण्यांकडे जाणाऱ्यांनी फलाट भरतो आणि मंगळवारी गावातले नेहमीचे लोक दिसतात. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण त्यांची सरासरी काढून काहीच कळणार नाही. दोन वेगळे तक्ते करा. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामी असते तो दिवस, मेगाब्लॉकचा रविवार आणि कॉलेजच्या परीक्षांचा काळ साध्या मोजणीत घेऊ नका. मंगळवार किंवा बुधवार घ्या, आणि तोच वार निदान दोन वेगळ्या आठवड्यांत मोजा.

फलाटावर थांबायला प्लॅटफॉर्म तिकीट काढा. ते १० रुपयांना मिळतं आणि दोन तास चालतं. आदल्या दिवशी स्टेशन मास्तरांना साधं पत्र देऊन काय करणार आहात ते सांगा. मोजणाऱ्या मुलांना मी पिवळ्या रेषेपलीकडे रुळांच्या बाजूला पाऊल टाकू देत नाही. दोन फलाटांवर एकट्याने मोजता यावं म्हणून रूळ ओलांडणं तर अजिबात नको, तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

उभं कुठे राहायचं, यावर सगळी मोजणी उभी असते. लोकल अर्धा-एक मिनिट थांबते. तेवढ्यात दारांतून चढणारे आणि उतरणारे दोन्ही एका माणसाने मोजणं शक्य नाही. चढणारे आधीच मोजा. फलाटावर येणारा प्रत्येक जण जिन्यावरून किंवा कडेच्या वाटेने येतो, तिथेच त्याची नोंद करा. उतरलेले गाडी गेल्यावर त्याच वाटेने बाहेर पडतात, तेव्हा त्यांना मोजा. दोन वाटा असतील तर दोन माणसं हवीत. लहान स्टेशनांवर फलाटाच्या टोकाला उतारावरून शेताकडे किंवा वस्तीकडे जाणारी पायवाट असते. आदल्या संध्याकाळी एक फेरी मारून ती शोधून ठेवा, कारण काही ठिकाणी निम्मे लोक तिकडूनच जातात. पोचवायला आलेले, फेरीवाले आणि रेल्वेचे कर्मचारी यांना धरू नका. कडेवरचं मूल मात्र धरा आणि तसं तक्त्याखाली लिहून ठेवा.

नोंदीला शाळेतल्या ताळ्याच्या खुणाच उत्तम: चार उभ्या, पाचवी तिरकी. मोबाइलमध्ये टिचक्या मारणारं ॲपही चालतं, पण त्यात दोन गाड्यांच्या मधली रेघ ओढायची राहून जाते. पहिल्या गाडीला एकाच जिन्यावर दोघांनी स्वतंत्र मोजावं. दोघांत शंभरामागे पाचहून जास्त फरक आला तर कोणाला धरायचं आणि कोणाला नाही यावर एकमत झालेलं नाही असं समजा, आणि ते करूनच पुढे जा.

इथून पुढे लोकल आणि मेट्रोची पद्धत वेगळी होते. मेट्रो दर काही मिनिटांनी येते, त्यामुळे प्रत्येक तासातली पंधरा मिनिटं मोजून चारने गुणलं तरी अंदाज बरा येतो. लोकलला हे लावलंत तर हाती काहीही लागू शकतं. तासाची पहिली पंधरा मिनिटं मोजलीत आणि घोरावाडीची गाडी तासाच्या तिसाव्या मिनिटाला असली, तर वहीत शून्य पडेल. गाडी त्या पंधरा मिनिटांत आली, तर एका गाडीचे लोक चौपट होतील. म्हणून लोकलला गाडीवार मोजायचं: गाडीची दिशा, वेळापत्रकातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, चढले, उतरले. प्रत्यक्ष वेळ विसरू नका. आधीची गाडी उशिरा धावली की पुढच्या गाडीचे लोकही तिलाच चढतात. दुपारी देखभालीच्या ब्लॉकमुळे या मार्गावर दोन गाड्यांत मोठी फट पडते. तेव्हा गाडी नसली तरी जिन्यावर येऊन परत जाणारे मोजा. त्यांची नोंद दुसरीकडे कुठेही होत नाही.

मेट्रोत फाटकं आत जाणं आणि बाहेर पडणं दोन्ही नोंदवतात, त्यामुळे तिकडचा हिशोब बराच स्वच्छ. अपवाद जिल्हा न्यायालय स्थानकाचा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिका तिथे भेटतात, आणि गाडी बदलणारे फाटकातून जातच नाहीत. फाटकाच्या आकड्यावरून तिथल्या सरकत्या जिन्यांवरच्या गर्दीचा अंदाज बांधता येणार नाही. दोन मार्गिकांमधल्या जिन्यापाशीच उभं राहावं लागेल.

मोजून झालं की दिवसाच्या बेरजेशी थांबू नका. समजा एका स्टेशनवर दिवसभरात १,२०० जण चढले आणि सगळ्यात गजबजलेल्या तासात १२०. दुसऱ्यावर दिवसाला ४०० चढले, पण त्यातले २४० सकाळच्या एकाच तासातल्या दोन गाड्यांना. पहिल्याची कमाल गर्दी दिवसाच्या १० टक्के, दुसऱ्याची ६० टक्के. एकच अरुंद जिना दुसऱ्या स्टेशनवर जास्त धोक्याचा आहे, आणि दिवसाचा आकडा तेच लपवतो. अर्ज करताना मी हे प्रमाण सगळ्यात वर लिहायला सांगते.

रेल्वेचे आकडे हवे असतील तर मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "किती गर्दी असते" असं विचारू नका. नवी माहिती तयार करून देण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं, असलेली नोंद मागावी लागते. स्टेशनचं नाव, महिना, तिथून विकली गेलेली साधी तिकिटं, पास आणि उत्पन्न हे वेगवेगळं मागा, आणि निदान १२ महिन्यांचं. मग तुमचा गाडीवार तक्ता त्याशेजारी ठेवा.

शेवटी एका पानावर तक्ता, मोजणीची तारीख, वार, हवामान, कोणाला धरलं-कोणाला नाही याची टीप आणि एकच मागणी, नेमक्या जागेसह: "फलाट दोनच्या पुण्याकडच्या टोकाला शेड". असा अर्ज दोन प्रतींत न्या, एक प्रत कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या.