डिझेल स्पोर्ट्स कार: पळते पण आणि अ‍ॅव्हरेज पण देते, फक्त कधी ते बघा

गाडीवाल्यांमध्ये हा वाद कधी मिटतच नाही. एक जण म्हणतो डिझेल म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन, त्यात कसली आलीय स्पोर्ट्स कार, दुसरा म्हणतो अरे टॉर्क बघ ना टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, आणि वर अ‍ॅव्हरेज फुकट. दोघंही अर्धेच बरोबर. माझं म्हणाल तर दम आणि अ‍ॅव्हरेज एकाच गाडीत मिळतात, पण एकाच मिनिटाला मिळत नाहीत. पाय खाली गाडलाय तेव्हा कुठलंच इंजिन कंजूष नसतं. डिझेल कमावतं ते बाकीच्या वेळात, म्हणजे तुम्ही निवांत एका स्पीडला चाललेले असता तेव्हा. म्हणून अशी गाडी घ्यायची असेल तर आधी "किती पळते" विचारू नका, "मी दिवसातून किती वेळ खरंच पळवणार आहे" ते स्वतःला विचारा.

मुळात हे शक्य आहे का, तर आहे, आणि रेसिंगमध्ये सिद्ध झालंय. १९९८ ला जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकची २४ तासांची रेस बीएमडब्ल्यू ३२०डी ने मारली होती. मग २००६ ला ऑडी आर१० टीडीआय ही ल मां (फ्रान्समधली २४ तासांची रेस) जिंकणारी पहिली डिझेल गाडी ठरली, ५.५ लिटरचं बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन, ६५० हॉर्सपॉवरच्या वर आणि टॉर्क ११०० न्यूटन मीटरच्या आसपास. तिथून २०१४ पर्यंत सलग नऊ वर्षं ल मां डिझेलनेच नेली, आठ वेळा ऑडी आणि मधे २००९ ला प्यूजो. यातली मजा अशी की २४ तासांच्या रेसमध्ये अ‍ॅव्हरेज हाच परफॉर्मन्स असतो, कारण कमी पितो तो कमी वेळा पिटमध्ये (इंधन भरायच्या थांब्यावर) येतो. आयोजकांना हे इतकं खुपलं की २००७ पासून डिझेलवाल्यांची टाकी ९० लिटरवरून ८१ वर आणली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे.

रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये पण उदाहरणं आहेत. अल्पिना डी३ बायटर्बो, ३५० हॉर्सपॉवर, ७०० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ४.६ सेकंदात आणि कंपनीचा आकडा १०० किमीला ५.३ लिटर म्हणजे लिटरला जवळजवळ १९ किमी. बीएमडब्ल्यू एम५५०डी तीन टर्बोवाली (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), ३८१ हॉर्सपॉवर, ४.७ सेकंद, कागदावर लिटरला १६ च्या आसपास. पण नीट बघा, या दोन्ही चार दरवाज्यांच्या गाड्या आहेत. खरी दोन दरवाज्यांची, बसकी, इंजिन मागे असलेली डिझेल स्पोर्ट्स कार ऑडीने २००८ ला दाखवली होती, आर८ मध्ये व्ही१२ टीडीआय, ५०० हॉर्सपॉवर आणि १००० न्यूटन मीटर, लोक वेडे झाले होते बघून, आणि ती विक्रीला आलीच नाही. त्यातल्या त्यात ऑडी टीटी २.० टीडीआय आली, १७० हॉर्सपॉवरची, ती मला या सगळ्यात शहाणी वाटते.

आता ब्रोशर कसं वाचायचं ते सांगतो, कारण सगळी फसगत इथेच होते. डिझेलवाले टॉर्कचा आकडा मोठ्ठा छापतात आणि आपण भुलतो. हिशेब सोपा आहे, टॉर्क (न्यूटन मीटरमध्ये) गुणिले आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) भागिले ७०२४ केलं की हॉर्सपॉवर येते. समजा डिझेलला ४०० न्यूटन मीटर आहे आणि तो ४००० आरपीएमपर्यंत टिकला तर २२८ हॉर्सपॉवर. पेट्रोलला फक्त २५० न्यूटन मीटर आहे पण तो ६५०० ला पण तेवढाच असेल तर २३१. म्हणजे दोघांची शेवटची ताकद सारखीच, आणि पेट्रोल इंजिन जास्त फिरतं म्हणून त्याला गिअर छोटे देता येतात, त्यामुळे चाकावर जाईपर्यंत टॉर्कचा तो मोठा फरक बराचसा वितळून जातो. वजन सारखं असेल तर दोघंही पाय गाडल्यावर साधारण एकत्रच पोचतील.

मग डिझेल जोरदार का वाटते? तर २००० आरपीएमला बघा. तिथे डिझेल ११४ हॉर्सपॉवर देतंय आणि पेट्रोल ७१. पुढे ट्रक आहे, तुम्ही वरच्या गिअरमध्ये आहात, नुसता पाय थोडा खाली केला आणि गाडी पाठीत गुद्दा घातल्यासारखी सुटते, गिअर खाली टाकायची गरजच नाही. रोजच्या रस्त्यावर ९० टक्के वेळा आपल्याला हाच पिकअप लागतो, ६५०० आरपीएमचा नाही. आणि म्हणूनच डिझेल टेस्ट ड्राइव्हला नेहमी तिच्या खऱ्या ताकदीपेक्षा जास्त भारी वाटते, हे डोक्यात ठेवून टेस्ट ड्राइव्ह घ्या.

अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत पण थोडा हातचलाखीचा भाग आहे. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा मुळातच दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, म्हणजे लिटरला जे दोन-तीन किमी जास्त मिळतात त्यातला काही वाटा इंजिनचा नाहीच, तो इंधनाचा आहे. बाकीचा मात्र खरोखर इंजिनचा. कॉम्प्रेशन जास्त, आणि हलक्या पायाला पेट्रोल इंजिनसारखं थ्रॉटल (हवेची झडप) बंद करून हवा अडवत बसायला लागत नाही, हवा मोकळी आत येते, फक्त डिझेल कमी सोडलं जातं. म्हणून फरक सगळ्यात जास्त दिसतो तो हलक्या पायाला. पूर्ण पाय दाबला की तो बराच आटतो.

आणि स्पीड. हवेपुढे डिझेल-पेट्रोल सगळे सारखेच. १०० वरून १५० ला गेलात की हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ ३.४ पट होते, त्यामुळे "१५० ला पण लिटरला १८ देते" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. इथे इंजिनपेक्षा आकार जास्त कामाला येतो. मर्सिडीजने १९७८ ला इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर सी१११ ही गाडी पळवली होती, ३ लिटरचं पाच सिलिंडरचं टर्बो डिझेल, फक्त २३० हॉर्सपॉवर, आणि १२ तास ताशी ३०० च्या वर अ‍ॅव्हरेज स्पीड. डिझेल खाल्लं १०० किमीला साधारण १६ लिटर, म्हणजे लिटरला सहा. ऐकायला कमी वाटतं, पण ३०० च्या स्पीडला सहा म्हणजे कमाल आहे, आणि ती कमाल त्या माशासारख्या बॉडीची.

वजन बघायला विसरू नका. डिझेल इंजिनला आतला दाब जास्त म्हणून ते जाडजूड आणि जड, आणि बहुतेक गाड्यांत ते पुढेच असतं, मग वळणात नाक बाहेर पळतं. सरळ रस्त्यावर हे कळत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एक तरी लांब वळण आणि एक तीव्र वळण शोधाच, तीच गाडी पेट्रोलमध्ये मिळत असेल तर लगेच पाठोपाठ चालवा. ट्रॅकवर जायचंच असेल तर माझा सल्ला सरळ पेट्रोल आणि हलकी गाडी, डिझेलच्या मागे लागूच नका.

जुनी घेत असाल तर हा भाग नीट वाचा. सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो आणि मग मधूनमधून स्वतःला ६०० डिग्रीच्या आसपास तापवून ती जाळतो. त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग चालावी लागते. पाच किमी गेलो, बंद केली, परत पाच किमी, असं रोज केलं की जाळणं अर्धवट राहतं, फिल्टर चोंदतो, आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. मी एकदा एक सेकंडहँड कूपे (दोन दरवाज्यांची गाडी) बघायला गेलो होतो, पेंट चकाचक, सीट नव्यासारख्या, रनिंग कमी, मी खुशच. मग बोनेट उघडून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर बोटभर, आणि वास घेतला तर चक्क डिझेलचा. मालक म्हणे "ऑइल जरा जास्त पडलं असेल". मी नमस्कार केला आणि निघालो. तेव्हा कमी रनिंगला भुलू नका, डिझेलमध्ये कमी रनिंग म्हणजे बऱ्याचदा छोट्या छोट्या फेऱ्या. त्यापेक्षा हायवेवर भरपूर पळालेली बरी.

तुमच्याच गाडीत हे जाळणं चालू आहे का ते कसं ओळखायचं? आयडलिंग थोडं वर जातं, स्क्रीनवरचं त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज अचानक पडतं, आणि गाडी बंद केल्यावर पण पंखा घोंघावत राहतो. अशा वेळी लगेच बंद करू नका, अजून एक चक्कर मारून या. तुमचं रोजचं जाणं-येणंच पाच-सात किमीचं असेल आणि आठवड्यातून एकदा पण अर्धा तास मोकळा रस्ता मिळत नसेल तर डिझेल स्पोर्ट्स कार तुमच्यासाठी नाही, कितीही आवडली तरी.

चालवण्याबद्दल. सकाळी थंड इंजिनला लगेच रेस देऊ नका, डिझेल गरम व्हायला वेळ घेतं, पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल अजून गारच असतं. गिअर लवकर वर टाका, २००० च्या आसपास बास, पण इतकं पण नाही की १२०० ला वरच्या गिअरमध्ये गाडी हुंदके देतेय. लाल रेषेपर्यंत ओढण्यात डिझेलमध्ये काही अर्थ नसतो, ४००० नंतर नुसता आवाज वाढतो, गाडी पुढे काही जात नाही. उतारावर किंवा सिग्नल येताना न्यूट्रल करू नका, गिअरमध्येच पाय काढा, तेव्हा इंजिन डिझेल घेणंच बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला पीत राहतं. आणि जोरात पळवून आल्यावर मिनिटभर निवांत चालवून मग बंद करा, टर्बो तापलेला असतो.

रिमॅपवाले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून देणारे, भेटतील, पॉवर पण वाढेल आणि अ‍ॅव्हरेज पण वाढेल म्हणतील. पॉवर वाढते, खरंय. पण वाढलेला टॉर्क आधी क्लच आणि फ्लायव्हील खातो. डीपीएफच काढून टाकतो म्हणणारे पण असतात, त्यांच्या नादी लागू नका, बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहे.

कंपनीच्या आकड्यांचं म्हणाल तर वर दिलेले अ‍ॅव्हरेजचे आकडे जुन्या एनईडीसी टेस्टचे (युरोपातली अ‍ॅव्हरेज मोजायची जुनी पद्धत) आहेत, ती फारच लाडाची टेस्ट होती. युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी टेस्ट आली, तिचे आकडे जास्त खरे असतात. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा जुना आणि दुसरीचा नवा आकडा घेऊ नका, बरेच जण हेच करतात आणि मग वाद घालत बसतात.

स्वतः मोजायचं असेल तर टाकी फुल ते टाकी फुल. नोझलचा पहिला खटका पडला की थांबा, वरून थेंब थेंब ओतत बसू नका, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर त्याच नोझलने पहिल्या खटक्यापर्यंत भरा आणि भागाकार करा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्या करा. माझ्या गाडीची एक टाकी ७४२ किमी गेली, भरलं ४६.४ लिटर, म्हणजे लिटरला १६, आणि स्क्रीन दाखवत होती १७.३. पुढच्या टाकीला मुद्दाम दर ओव्हरटेकला पूर्ण पाय दिला, वाटलं दहावर येईल, तर आली १४.६. उरलेल्या वेळात पाय हलका होता ना.