आयएस६०८ च्या हेअरपिनची चाचणी: ऑलिगो आखण्यापासून जेलपर्यंत

हेलिकोबॅक्टर पायलोरीतला आयएस६०८ हा उड्या मारणारा जनुकखंड दुपदरी डीएनएतून कापला जात नाही. त्याचं टीएनपीए हे विकर एकपदरी डीएनएला घडी पडून झालेला हेअरपिन पकडतं, तोही दोनपैकी एकाच पदरावरचा. ऑलिगो, म्हणजे हवा तसा बनवून घेतलेला एकपदरी डीएनएचा छोटा तुकडा, मागवण्याआधी पदर तपासा. उलटा आला तर काहीच कापलं जाणार नाही आणि दोष उगाच विकराच्या माथी जाईल.

डाव्या टोकासाठी पाच-प्राइम बाजूला (पदराच्या सुरुवातीकडे; शेवटाकडची ती तीन-प्राइम) टी-टी-ए-सी (टीटीएसी) या चार अक्षरांनी संपणारी २० अक्षरं घ्या, पुढचं अंतर मुळातलंच ठेवा, मग पूर्ण हेअरपिन. हेअरपिनच्या जोडी जमलेल्या दांड्यात एक टी जोडीविना बाहेर डोकावतो. विकर त्यालाच ओळखतं, तेव्हा तो 'दुरुस्त' करू नका. कापायची जागा मात्र विकर थेट वाचत नाही. हेअरपिनच्या पायथ्याशी, पाच-प्राइम बाजूची चार अक्षरं टीटीएसी शी जोडी जमवून ती दाखवतात. एकटं टीटीएसी बदललं तर कापणं थांबतं. ही वाटाडी अक्षरंही जुळवून बदलली तर परत सुरू होतं. घडी संगणकावर पाहताना डीएनएचे ऊर्जेचे आकडे निवडा. आरएनएफोल्ड हा घडीचा अंदाज देणारा प्रोग्राम आपणहून आरएनएचे वापरतो.

सगळ्यात जास्त प्रयोग फसतात ते घडी पाडताना. ऑलिगो १ मायक्रोमोलर, ५० मिलिमोलर मीठ, ९५ अंशांवर ५ मिनिटं आणि लगेच बर्फात. दाट द्रावण सावकाश गार केलं तर रेणू स्वतःवर न दुमडता शेजाऱ्याशी जोडी जमवतो. युरियाविना साध्या जेलवर असा पट्टा वर दिसतो.

मग विकर घाला, शेवटी ५ मिलिमोलर मॅग्नेशियम, ३७ अंश, ४५ मिनिटं. मॅग्नेशियम बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएने थांबवा.

चमकता रंग पाच-प्राइम टोकाला लावा. २० अक्षरांचा तुकडा सुटा येतो. तीन-प्राइमला लावलात तर तुकड्याच्या पाच-प्राइम टोकाला विकर त्याच्या टायरोसिन या अमिनो आम्लाने चिकटलेलं असतं आणि पट्टा वरच अडकतो. प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के दिल्यावरही उरलेल्या पेप्टाइडमुळे तो किंचित वरच राहतो. जेल ७ मोलर युरियाचं, चालवताना ५० अंशांच्या आसपास गरम. थंड जेलमध्ये न कापलेला हेअरपिन पुन्हा दुमडतो आणि लांबी चुकीची वाचली जाते.

तुलनेसाठी तीन नळ्या हव्यातच: मॅग्नेशियमविना, १२७ व्या जागच्या, डीएनए कापणाऱ्या टायरोसिनऐवजी फिनाइलअलानिन असलेलं विकर, आणि पूरक पदर घालून सावकाश गार केलेला दुपदरी नमुना. तिसऱ्या नळीत २० अक्षरांचा पट्टा ठळक दिसला तर घडी किंवा नमुना कुठेतरी बिघडला आहे.