न्हाणीच्या शेगडीसाठी पेलेट घेताना

पेलेटचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या बारीक कांड्यांचं, पोतं घेताना किलोचा भाव सगळ्यात शेवटी विचारा. आधी जळल्यावर राख किती पडते ते विचारा, मग ओल. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर "बूदी एष्टु?", म्हणजे राख किती, एवढं पुरतं. उत्तर टक्क्यांत आलं तर माणसाला माल कळतो. "राख पडतच नाही हो अक्का" असं आलं तर ओंजळभर नमुना मागून घ्या आणि पोतं न घेता घरी या.

आमचं घर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्याला. मलप्रभा नदीचा उगम कणकुंबीचाच, तेव्हा पाऊस कसा असेल ते सांगायला नको. जूनमध्ये धरला की गणपतीपर्यंत भिंतीची ओल हटत नाही. आंघोळीचा हंडा तापवायचा, कपडे वाळवायचे, सासूबाईंच्या गुडघ्यांना ऊब द्यायची, हे सगळं न्हाणीतल्या एका शेगडीवर चालतं. वरून पेलेट भरायचे आणि खालून पंखा वारा देतो. ओल्या लाकडांच्या मानानं धूर फार कमी. पण किती कमी, ते पेलेट कशाचे त्यावर ठरतं.

लाकडाचा पेलेट म्हणजे वाळवून बारीक केलेला भुसा, लोखंडी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबानं काढलेला. दाबताना घर्षणानं तो तापतो, लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचा मूळचाच चिकट भाग, मऊ पडतं आणि निवल्यावर कांडी घट्ट होते. म्हणून चांगल्या लाकडी पेलेटला गोंद लागत नाही. जाडी ६ किंवा ८ मिलिमीटर. घरच्या लहान शेगडीला ६ चा बरा, लवकर पेटतो.

आपल्या बाजूला सॉ मिलच्या भुशाचे पेलेट मिळतात, तसेच उसाच्या चिपाडाचे, भुईमुगाच्या टरफलांचे, भाताच्या तुसाचे आणि या सगळ्यांची मिसळ केलेलेही. पोत्यावर नुसतं 'बायोमास पेलेट' लिहिलेलं असेल तर ती बहुधा मिसळ समजा. कारखान्याच्या बॉयलरला ती चालते, तिथं राख काढायला माणूस असतो. घरात राख काढणारे आपणच.

साल नसलेल्या स्वच्छ लाकडाच्या भुशाची राख एक टक्क्याच्या आत असते. युरोपात ईएनप्लस म्हणून प्रतवारी आहे. तिच्यात ए१ दर्जाला जास्तीत जास्त ०.७ टक्के राख चालते, ए२ ला १.२ आणि बी ला २. ओल मात्र तिन्ही दर्जांना १० टक्क्यांच्या वर चालत नाही. तुसाची राख १५ ते २० टक्के, म्हणजे पाच-सहा किलो तूस जाळलं की किलोभर राख उपसायची. चिपाड आणि टरफलं मधली, पण त्यांच्यात शेतातली माती आली की राख एकदम वाढते. मला खरा राग या मातीचा आहे. शेतमालात पोटॅश असतं, मातीत वाळू असते. दोन्ही एकत्र तापली की वितळतात आणि शेगडीच्या तळाला काचेसारखी चकाकणारी, भोकाभोकांची ढेप धरते. खानापूरकडच्या वीटभट्टीवाल्यांना दाखवली तर ते तिला खंगरच म्हणतील, जास्त भाजून वितळलेल्या विटेसारखी. तिनं हवेची भोकं बुजतात, जाळ पिवळा पडतो आणि हंड्याची बूड काळी होते.

माती आहे की नाही हे कळायला काचेचा पेला पुरतो. पेल्यात पाणी घ्या आणि पाच-सहा कांड्या सोडा. घट्ट दाबलेली कांडी तळाला जाते, तरंगली तर दाब कमी पडलाय. थोड्या वेळानं ती फुगते, उकलते आणि पेल्यात पुन्हा भुसा दिसू लागतो. तसाच दिसायला हवा. आता पेला हातानं गोल फिरवा आणि टेकवून ठेवा. भुसा हळूहळू बसतो, वाळू आधीच तळाशी जाऊन बसलेली असते. वरचं पाणी ओतून द्या आणि गाळ बोटांत चोळा. कचकच लागली की तो माल नको. तासभर भिजूनही कांडी उकललीच नाही तर आत गोंद किंवा प्लायवूडचा भुसा असल्याचा संशय घ्या. फर्निचरच्या कारखान्यांतून प्लाय आणि एमडीएफची (भुसा गोंदानं दाबून केलेल्या फळ्यांची) पूड निघते, तिच्यात फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचे गोंद असतात. तिचा धूर पोराबाळांच्या घरात नको. एखादी कांडी मोडून हुंगा. ओल्या लाकडाचा वास यावा, रंगाचा किंवा औषधाचा नाही.

राखेसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. शेगडी झाडून पुसून घ्या, बरोबर एक किलो पेलेट मोजून जाळा आणि शेवटी पंखा मंद ठेवा, नाहीतर राख उडून जाते. रात्रभर निवू द्या. सकाळी सगळी राख स्टीलच्या ताटलीत झाडून तोला. ७ ग्रॅम म्हणजे ०.७ टक्के, २० ग्रॅम म्हणजे २ टक्के. राख पांढुरकी, करडी असेल तरच हा हिशेब धरा. काळे कण दिसले तर कोळसा राहिलाय, म्हणजे हवा कमी पडली. तेव्हा पेलेटला दोष देण्याआधी भोकं साफ करा.

ओल मोजायला ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असलेली शेजारीण गाठा. १०० ग्रॅम पेलेट १०५ अंशांवर ठेवायचे, वजन घटायचं थांबेपर्यंत. १० ग्रॅमपेक्षा जास्त घटले तर तुम्ही पेलेटच्या भावानं पाणी विकत घेताय, आणि ते पाणी वाफ होऊन उडताना तुमचीच उष्णता घेऊन जातं.

मग भाव. एक किलो जाळल्यावर मिळणारी उष्णता विक्रेते किलोकॅलरीत सांगतात, त्याला जीसीव्ही म्हणतात. तो आकडा ओव्हनमध्ये सुकवलेल्या मालाचा की पोत्यातल्या मालाचा, हे विचाराच, कारण सुकवलेल्याचा आकडा नेहमी मोठा दिसतो. समजा, भुशाचा पेलेट १२ रुपये किलो आणि उष्णता ४,००० किलोकॅलरी, तुसाचा १० रुपये आणि ३,१००. पहिल्यात रुपयाला ३३३ मिळाल्या, दुसऱ्यात ३१०. दोन रुपयांनी स्वस्त वाटलेला माल महाग पडला, वर राख उपसणं आलंच.

कागदावरच्या आकड्यापेक्षा आपल्या हंड्याचा आकडा खरा. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला ६०० किलोकॅलरी लागतात. त्याला ४,००० वाला पेलेट अर्धा किलो लागला, तर २,००० पैकी ६०० पाण्यात गेल्या, म्हणजे ३० टक्के. दोन तऱ्हेचे पेलेट पारखायचे असतील तर हंडा तोच, पाणी तेवढंच, झाकण दोन्ही वेळी लावलेलं. लागलेला पेलेट तोलून त्या वजनाला भावानं गुणा. माझ्या लेखी हीच शेवटची परीक्षा.

काजूच्या टरफलांचे पेलेट कोणी स्वस्त दिले तर सरळ नाही म्हणा. चंदगड, खानापूरकडं काजूचे कारखाने आहेत, माल हाताशी असतो आणि जळतोही जोरात. पण टरफलातलं तेल दाहक असतं, त्याच्या धुरानं डोळे आणि घसा जळतो. निपाणीकडच्या तंबाखूच्या काड्याही घरात नकोत.

वर्षाचा साठा मे संपायच्या आत भरून घ्या. घेताना पोतं उलटं करून तळाची पूड बघा. मुठीमुठीनं पूड निघाली तर कांडी कच्ची आहे, ती पूड हवेची भोकं बुजवते. घरी पोती जमिनीला आणि भिंतीला लावू नका. खाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर जागा सोडा. उघडलेलं पोतं झाकणाच्या पिंपात ओता. श्रावणातल्या हवेत उघडा राहिलेला पेलेट आपोआप फुगतो आणि हाताला मऊ लागतो. तो वाळवून पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. त्याचा झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरायलाच उपयोग.

शेगडी विझल्यासारखी दिसली तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही. ऊब हवी म्हणून निजायच्या खोलीत ती नेऊ नका, आणि न्हाणीची वरची झडप पावसातही उघडी ठेवा. वीज गेली की पंखा थांबतो आणि धूर आत साठतो, म्हणून पंख्याला लहान बॅटरी जोडून घ्या. बॅटरी नसेल तर वीज जाताच नवीन पेलेट टाकणं थांबवा, दार उघडा आणि म्हाताऱ्या माणसांना आधी बाहेर ओसरीवर बसवा.