अर्धवेळ शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांनो, डीएसएचा अर्ज करताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये अर्धवेळ शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यालाही ‘डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स’, म्हणजेच डीएसए, हा दिव्यांगत्वामुळे अभ्यासात येणाऱ्या जादा खर्चासाठीचा शासकीय भत्ता मिळू शकतो. तरीही ‘पूर्णवेळ शिकत नाही, मग आपल्याला कोण देणार?’ असे घरीच ठरवून अर्ज न करणारे विद्यार्थी तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आढळतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ही मदत परत फेडावी लागत नाही आणि तिचा घरच्या उत्पन्नाशी काही संबंध नसतो. २०२४-२५ या वर्षासाठी तिची कमाल मर्यादा २६,९४८ पौंड होती आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी ती कमी केलेली नव्हती. अर्थात ही मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती मदत मिळेल हे विद्यार्थ्याच्या गरजेवरून ठरते.

अर्धवेळ अभ्यासक्रमाच्या बाबतीत खरा प्रश्न ‘इंटेन्सिटी’चा असतो. समकक्ष पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या तुलनेत आपण एका वर्षात किती भाग पूर्ण करतो, याचे हे प्रमाण आहे आणि पदवीसाठी ते किमान २५ टक्के असावे लागते. पूर्णवेळ पदवीचे एक वर्ष साधारणपणे १२० क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) धरले जाते. त्यामुळे ओपन युनिव्हर्सिटी या ब्रिटनच्या दूरशिक्षण विद्यापीठात वर्षाला ३० क्रेडिटचे एकच मॉड्यूल घेणारा विद्यार्थी बरोबर सीमारेषेवर असला तरी पात्र ठरतो, तर वर्षाला २० क्रेडिट घेणाऱ्याचे प्रमाण सतरा टक्क्यांच्याही खाली राहते आणि त्याचा अर्ज तिथेच थांबतो. अनेकजण आठवड्याचे तास मोजून अंदाज बांधतात, पण हिशेब तासांचा नसून क्रेडिटचा किंवा मॉड्यूलचा असतो. मॉड्यूल निवडण्यापूर्वीच हे गणित करावे. कारण प्रकृतीमुळे कमी भार घेण्याचा निर्णय योग्य असूनही, दहा क्रेडिटच्या फरकाने संपूर्ण मदत गमावण्याची वेळ येऊ शकते. अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा असावा लागतो, म्हणून काही आठवड्यांच्या प्रमाणपत्र वर्गांसाठी हा अर्ज करून उपयोग नाही.

दुसरा गोंधळ वास्तव्याबाबत होतो. सर्वसाधारण नियमानुसार विद्यार्थी ब्रिटिश नागरिक असावा किंवा त्याला कायमस्वरूपी राहण्याचा हक्क मिळालेला असावा आणि अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी तो तीन वर्षे ब्रिटनमध्ये राहत असावा. दीर्घ वास्तव्य असलेल्यांसाठी आणि निर्वासितांसाठी वेगळे नियम आहेत. पुण्या-मुंबईहून स्टुडंट व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला डीएसए मिळत नाही. मात्र त्याने निराश होऊन गप्प बसू नये. ‘इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१०’ या ब्रिटनच्या समानता कायद्यानुसार वाजवी सोयी करून देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे आणि त्यात नागरिकत्वाची अट नाही. परीक्षेत जादा वेळ, सुलभ स्वरूपातील वाचनसाहित्य अशा गोष्टींसाठी त्याने थेट विद्यापीठाच्या दिव्यांग साहाय्य कक्षाकडे जावे.

अर्ज कोणाकडे करायचा, यातही चूक होते. विद्यापीठ कुठे आहे यावर नव्हे, तर विद्यार्थी मुळात कुठला रहिवासी आहे यावर ते ठरते. वेल्समधील कार्डिफला घर असलेला विद्यार्थी इंग्लंडमधील ब्रिस्टॉलमध्ये शिकत असला तरी त्याचा अर्ज वेल्सच्या यंत्रणेकडे जातो. इंग्लंडच्या रहिवाशांचे अर्ज पाहणाऱ्या ‘स्टुडंट फायनान्स इंग्लंड’कडे तो पाठवल्यास केवळ वेळ वाया जातो.

पुराव्यांच्या बाबतीत आपल्याकडची सवय आड येते. भारतात चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हीच बहुतेक योजनांची किल्ली असते, त्यामुळे इथेही टक्केवारी जोडली की काम झाले असे वाटते. डीएसएमध्ये टक्केवारी विचारली जात नाही. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली अथवा टिकण्याची शक्यता असलेली स्थिती आहे का आणि तिचा दैनंदिन कामांवर ठळक परिणाम होतो का, हे पाहिले जाते. म्हणून ‘रुग्णाला संधिवात आहे’ एवढ्या एका ओळीचे पत्र पुरेसे ठरत नाही; आजाराचे नाव, तो किती काळ राहणार आणि लिहिणे, बसणे, प्रवास करणे यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. दीर्घकालीन मानसिक आजारही यात मोडतो, आणि आपल्या घरांतून तो अर्जात लिहायला जो संकोच केला जातो, त्याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अडचणींसाठी मानसशास्त्रज्ञाचा किंवा पात्र विशेष शिक्षकाचा निदान अहवाल लागतो. त्या चाचणीचा खर्च डीएसएतून मिळत नाही.

मंजुरीची वाट न पाहता लॅपटॉप किंवा सॉफ्टवेअर विकत घेऊन नंतर बिल पाठवू नये, ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. आधी पात्रता कळवली जाते, मग गरजांचे मूल्यमापन होते आणि त्यानंतरच साहित्य मंजूर होते. संगणक मंजूर झाला तरी पहिले २०० पौंड विद्यार्थ्याने भरायचे असतात. प्रवासखर्चातही दिव्यांगत्वामुळे येणारा जादा भारच धरला जातो: बसने जाणे शक्य नसल्याने टॅक्सी करावी लागत असेल, तर बसचे भाडे वजा करून उरलेली रक्कम विचारात घेतली जाते. ही सारी प्रक्रिया तीन महिन्यांहून अधिक काळ चालू शकते, त्यामुळे सत्र सुरू होण्याची वाट न पाहता अर्ज करावा.

अर्ज नाकारल्याचे पत्र आले, तर त्यातले कारण शब्दशः वाचावे. इंटेन्सिटी कमी दाखवली असल्यास विद्यापीठाने नोंदवलेले क्रेडिट तपासून दुरुस्त करून घ्यावेत. पुरावा अपुरा असल्यास नेमका कोणता मुद्दा राहिला ते विचारून त्याच मुद्द्यावर डॉक्टरांचे नवे पत्र घ्यावे. भारतातली जुनी पदवी असल्यामुळे फीसाठीचे शासकीय कर्ज नाकारले गेले असेल, तर तो निर्णय डीएसएलाही लागू होतो असे समजू नये. पूर्वीची पदवी कर्जाच्या आड येऊ शकते, पण पदवी अभ्यासक्रमासाठीच्या डीएसएच्या आड येत नाही. तेव्हा कर्जाविना, केवळ डीएसएसाठी अर्ज करावा.